घरून काम : रुग्णपरीक्षणातील काळाचा विचार

मार्च 2020 मधील टाळेबंदीपासून संगणक व्यवसायात घरून काम करण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. आजही पुण्या-मुंबईतील अनेक कर्मचारी आठवड्यातील काही दिवस घरूनच काम करतात. प्रवासाचा शीण वाचतो, घरचे ताजे अन्न मिळते. हे स्वास्थ्यास हितकरच होय. तरीही अम्लपित्त, मलावष्टंभ, निद्रानाश या तक्रारी घेऊन ही मंडळी आपल्याकडे येतात. अशा वेळी हेतूचा शोध कामाच्या स्थानापेक्षा कामाच्या काळात घ्यावा, असे आम्हांस वाटते.

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे 6.30 व हिवाळ्यात 7.30 वाजलेले असतात. तेथील सहकाऱ्यांशी बैठक ठरली की रात्रीचे भोजन लांबते, जागरण घडते व वात प्रकुपित होतो. त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी भोजनोत्तर दीर्घ निद्रा घेतल्यास कफपित्ताची वृद्धी होते. बैठकीत मूत्रपुरीषाचे वेग अडविले जातात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 7 व्या अध्यायात सांगितलेल्या 13 अधारणीय वेगांत या दोहोंचा समावेश आहे. सतत बसून राहण्याचे सुख, म्हणजेच आस्यासुख, तर प्रमेहाच्या हेतूंत गणलेले आहे.

म्हणून अशा रुग्णास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

1. काम प्रत्यक्षात किती वाजता संपते?
2. दोन्ही भोजनांच्या वेळा निश्चित आहेत काय?
3. वेग आल्यावर उठता येते काय?
4. जागरणानंतर निद्रा केव्हा घेतली जाते?

जागरण अटळ असल्यास, जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी भोजनापूर्वी झोपावे, असे वाग्भटाचार्यांनी सांगितले आहे. घरून काम करणाऱ्यास हे सहज साधण्याजोगे आहे.

औषधी विक्रेत्यांनीही एक दक्षता घ्यावी. ‘रात्री झोपताना’ अशी सूचना देताना ग्राहकाची झोपण्याची वेळ विचारावी. दहाला झोपणारा आणि दोनला झोपणारा यांना एकच सूचना पुरत नाही. शंका असल्यास त्यास वैद्यांकडे पाठवावे.

वेळेची मोकळीक हे स्वास्थ्यरक्षणाचे उत्तम साधन आहे. परंतु ती भोजन, निद्रा व वेगविसर्जन यांसाठी वापरली तरच. अन्यथा निदानपरिवर्जन न घडता केवळ चूर्णाची मात्रा वाढत राहील आणि अपयशाचा दोष मात्र औषधावर येईल.