दैव, प्रेम आणि एकच प्याला

शोकांतिकेत नायकाचे मित्र केवळ संवादाच्या सोयीसाठी येत नाहीत. नायक ज्या प्रश्नाशी झुंजतो, त्याचीच निराळी उत्तरे ते जगत असतात. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रोमिओ प्रेमाला सर्वस्व मानतो, मर्क्युशिओ त्याची थट्टा करतो, तर बेनव्होलिओ अन्य रूपवतींकडे पाहण्याचा व्यवहारी सल्ला देतो. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकातही असे मित्रमंडळ आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकऱ्यांचे निधन झाले. त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले.

सुधाकर हा बुद्धिमान पण मानी वकील. न्यायालयातील प्रसंगामुळे त्याची सनद काही काळ रद्द होते आणि दुःखाचा विसर पडावा म्हणून तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. तळीरामाच्या लेखी पत्नी, संसार, प्रतिष्ठा ही सारी प्याल्यापुढे तुच्छ होत. भगीरथ प्रेमभंगामुळे मद्याकडे वळलेला. प्रेम हेच त्याचे दुर्दैव ठरले होते. रामलालचा विश्वास विवेकावर. परंतु सुधाकरची बालविधवा बहीण शरद हिच्याविषयीच्या त्याच्या वात्सल्यात नकळत अभिलाषा मिसळते आणि उपदेशकच कसोटीस लागतो.

मद्यपी वाचू शकतो तो पहिल्या प्याल्यापूर्वीच, त्यानंतर सुटका नाही, असे सुधाकर मानतो. एकदा तो निश्चयाने मद्य सोडतोही. पण जगाचा अविश्वास त्याला पुन्हा प्याल्याकडे लोटतो. मग हे दैव म्हणावे काय? नाटकातच याचे उत्तर आहे. भगीरथानेही मद्य प्राशन केले होते. तरी रामलालच्या आधाराने तो सावरतो आणि शरदच्या प्रेमास पात्र होतो. रामलालही आपली चूक ओळखून मागे सरतो. म्हणजे परतीची वाट होती. दोघांना ती सापडली. सुधाकराचा अभिमान मात्र आधाराचा हात धरू देत नाही. ज्याला तो दैव म्हणतो, त्यात त्याच्या स्वभावाचा वाटा मोठा आहे.

मात्र या वादाचे मोल चुकते करते ती सिंधू. तिच्यासाठी पतिप्रेम आणि दैव या दोन गोष्टी नाहीतच. ती दळण दळून संसार सांभाळते, पतीच्या हातून तान्हे मूल गमावते, तरी मरतानाही त्याला दोष देत नाही. पुरुष दैवाची मीमांसा करीत राहतात. ते भोगावे लागते तिला. अभ्यासकाने नाटक वाचताना हा भेद विसरू नये.