सैनिकाचे गंध

माळकऱ्याच्या घरचे पोर पलटणीत भरती झाले की मंडळी विचारतात, "तिथं माळ-गंध चालतं का?" प्रश्न साधा दिसतो, पण पोटात मोठा विचार आहे. सैन्यात हुकूम श्रेष्ठ. मग धर्मखुणेचे काय? यावर इतिहासातला एक दृष्टान्त पाहू.

तामिळ मुलखात वेल्लोरचा किल्ला आहे. इ. स. १८०६ साली तिथे कंपनी सरकारच्या मद्रास फौजेच्या पलटणी होत्या. नवे नियम निघाले : गणवेशात कपाळी गंध नको, कानात बाळी नको, हनुवटीवर दाढी नको, डोक्याला नव्या घाटाचे पागोटे, त्याला चामड्याचा तुरा! चामडे म्हणताच हिंदूला गाईची शंका, मुसलमानाला डुकराची. शिपाई अडले. तेव्हा एका हिंदूला आणि एका मुसलमानाला प्रत्येकी ९०० फटक्यांची शिक्षा झाली. १० जुलैच्या पहाटे किल्ला पेटला. शंभराहून अधिक गोरे पडले; त्याच दिवशी अर्काटहून घोडदळ आले आणि शेकडो शिपाई मारले गेले. किल्ल्यात टिपूचे पुत्र कैदेत होते, तेव्हा राजकारणही त्यात होते, हे खरे. तरी सरकारला नियम मागे घ्यावे लागले, आणि १८०७ साली गव्हर्नर बेंटिंक व सेनापती क्रॅडॉक दोघांनाही माघारी बोलावले.

आता कोणी पूर्वपक्ष करील : वेष एक नसेल तर फौज चालेल कशी? शंका रास्त आहे. आपल्या राज्यघटनेनेही २५व्या कलमात धर्मस्वातंत्र्य दिले आणि ३३व्या कलमाने सैन्यापुरते मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला. पण याचे उत्तर असे : ज्या खुणेने नेम चुकत नाही, पाऊल मागे पडत नाही, ती पुसण्यात शिस्त वाढत नाही, माणूस मात्र तुटतो.

दुसरे अंग आपल्याच पदरचे आहे. दबाव काही हुकुमाचाच असतो असे नाही. "सगळे करतात, तूच का नाही?" हे सोबत्यांचे बोलणेही फटक्यासारखेच लागते. आपल्या सैन्यात धर्मशिक्षक म्हणून पंडित आहेत, तसे मौलवी, ग्रंथी, पाद्रीही आहेत. अनेक ठिकाणी एकाच छपराखाली सर्वधर्मस्थळ असते. तिथे शेजारच्या जवानाने गंध घेतले नाही, आरतीला टाळी वाजवली नाही, तर त्याला डिवचू नये. बळाने लावलेले गंध कपाळाला लागेल, चित्ताला कसे लागणार?

सिद्धान्त एवढाच : हुकूम हातापायांवर चालावा, अंतःकरणावर नव्हे. माळ अंगरख्याआड गेली म्हणून नाम अडत नाही. पण आपली माळ राहावी असे ज्याला वाटते, त्याने दुसऱ्याची खूणही तितक्याच जिवाने राखावी.

रामकृष्णहरि.