घरातील इंटरनेट : राउटर आणि स्विच

घरात इंटरनेटची तार एकच येते. तिच्यावर चालावयाची यंत्रे मात्र चार-पाच असतात. ही जोडणी सर्वांस वाटून द्यावयाची म्हणून दुकानात जावे, तर तेथे दोन खोकी पुढे येतात. तारा खोचण्याची भोके दोहोंनाही सारखीच. त्यांतील स्विच बहुधा स्वस्त असल्यामुळे गिऱ्हाईक तोच उचलते. (विजेच्या बटणाशी या स्विचचा काही संबंध नाही, पण चांगला मराठी प्रतिशब्द अद्याप रुळलेला नाही.) घरी आणून जोडल्यावर पुष्कळदा एकच संगणक चालतो आणि बाकीचे मुके राहतात. असे का व्हावे?

इंटरनेटवरील सर्व व्यवहार माहितीच्या लहान लहान पाकिटांनी होतो व प्रत्येक पाकिटावर पत्ता लागतो. जुन्या, परंतु आजही प्रचलित असलेल्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा आहे. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातील त्यांचे अखेरचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले. या टंचाईमुळे एका घराच्या वाट्याला सामान्यतः एकच पत्ता येतो. तो पहिल्या संगणकाने घेतला की दुसऱ्यास काही उरत नाही.

राउटर ही अडचण दूर करतो. तो वाड्याच्या देवडीवर बसलेल्या कारकुनासारखा आहे. बाहेरचा पत्ता तो स्वतःकडे ठेवतो आणि आतील यंत्रांना १९२.१६८.१.२ अशा धर्तीचे खासगी पत्ते देतो. आतून निघालेल्या पाकिटावरील खासगी पत्ता खोडून तेथे आपला पत्ता घालावयाचा, वहीत नोंद करावयाची आणि उत्तर आले की नोंद पाहून ते योग्य यंत्राकडे धाडावयाचे, हे त्याचे काम होय. ज्याची नोंद नाही असे बाहेरचे पाकीट आत शिरत नाही; त्यामुळे घराचे काही अंशी रक्षणही होते. नव्या १२८ बिटांच्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही, तरी देवडी लागतेच.

स्विच हा वाड्याच्या आत चिठ्ठ्या पोचविणारा गडी. कोणते यंत्र कोणत्या भोकाशी जोडले आहे एवढेच तो यंत्राच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्यावरून ध्यानात ठेवतो. बाहेरच्या जगाची त्याला वार्ताही नसते.

म्हणून प्रथम कंपनीने बसविलेले खोके पाहावे. पुष्कळदा तोच राउटर असतो, आणि त्याची चार भोके म्हणजे आत दडलेला एक लहान स्विचच. ती अपुरी पडली तरच वेगळा स्विच घ्यावा, तोही १००० मेगाबिटांचा. १०० मेगाबिटांचा घेतल्यास वेगवान जोडणीचे पैसे वाया जातात. राउटरच्या एका भोकातून त्याला तार द्यावी. तांब्याची ही तार १०० मीटरपर्यंत नेता येते. मात्र एकाच तारेची दोन्ही टोके चुकूनही त्याच स्विचमध्ये खोचू नयेत. साध्या स्विचमध्ये तीच पाकिटे मग गरगर फिरत राहतात आणि घरातील सगळी यंत्रे एकदम ठप्प होतात.