ओघळलेला खांदा आणि ‘करंट’

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी वडिलांना पक्षाघात झाला. उजवा खांदा खाली ओघळल्यासारखा दिसतो. ‘करंट’ दिल्याने स्नायूंत बळ येईल का?

उत्तर : खांद्याची खोबण उथळ असते, हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवतात ते स्नायूच. ते लुळे पडले, की हाताच्या वजनाने सांधा खाली सरकतो. खांद्याच्या वरच्या आणि मागच्या स्नायूंवर पॅड लावून सौम्य विद्युतप्रवाह दिला, की ते आकुंचन पावतात. सुरुवातीच्या काही महिन्यांत याचा फायदा अधिक. मात्र नुसत्या करंटवर विसंबू नका. त्याच वेळी वडिलांनी स्वतःही खांदा उचलण्याचा प्रयत्न करावा. बसताना हाताखाली उशी ठेवा, उठवताना हात ओढू नका. पेसमेकर असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. यंत्र फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच वापरा.