शिंगरांचे औषध आणि लिदीतले जिवाणू

"अँटिबायोटिक फार घेतले की शरीराला त्याची सवय होते," असे घरोघरी म्हटले जाते. खरे तर सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जिवाणू. हे नीट समजावे म्हणून या अंकात आम्ही घोड्यांचे एक उदाहरण घेतले आहे. घोडा आता आपल्याला बहुधा वरातीतच दिसतो, पण या हकिकतीतली औषधे मात्र पालकांच्या चांगली ओळखीची आहेत.

अमेरिकेतील केंटकी राज्य शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शिंगरांना 'ऱ्होडोकॉकस इक्वाय' या जिवाणूमुळे न्यूमोनिया होतो. या जिवाणूचे वर्णन स्वीडनमध्ये मॅग्नुसन यांनी १९२३ साली केले. मोठ्या घोड्याच्या आतड्यातून तो काही त्रास न देता जातो आणि लिदीबरोबर मातीत पडतो. कोरड्या दिवसांत धूळ उडाली, की श्वासावाटे लहान शिंगराच्या फुफ्फुसात शिरतो. तेथे पुवाच्या गाठी होतात. शिंगरू खोकते, बेडका गिळते. मग आतड्यात जिवाणू भराभर वाढतात आणि लिदीतून पुन्हा कुरणात येतात. दुखणे बळावले तर शिंगरू दगावते.

यावर १९८० च्या दशकापासून दोन औषधे जोडीने देतात. एक एरिथ्रोमायसिनच्या गटातले (आपल्याकडे घशाच्या दुखण्यावर मिळणारे ॲझिथ्रोमायसिन याच गटातले), आणि दुसरे रिफाम्पिसिन, म्हणजे क्षयाच्या रोग्याची लघवी लालसर करणारे औषध. एकातून निसटलेला जिवाणू दुसऱ्याने मरावा, हा जोडीमागचा हिशेब.

पुढे सोनोग्राफी आली. २००० नंतर केंटकीत खोकलाही नसलेल्या शिंगरांची छाती तपासू लागले आणि लहानशी गाठ दिसली तरी औषधे सुरू होऊ लागली. हेतू चांगलाच होता. हाताशी आलेले शिंगरू गमावणे कोणाला परवडेल? पण जर्मनीतील एका मोठ्या पैदास केंद्रावर नंतर असे आढळले, की लहान गाठी असलेली बहुतेक शिंगरे औषधावाचूनही बरी होतात. म्हणजे पुष्कळ औषध विनाकारण पोटात जात होते.

आता गंमत पाहा. एरिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोझोमला, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्राला, चिकटून ते बंद पाडते. काही जिवाणूंना 'ईआरएम ४६' नावाचे जनुक मिळाले. त्यामुळे रायबोझोमवर एक रासायनिक खूण उमटते आणि औषधाला तेथे चिकटताच येत नाही. हे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या वर्तुळावर बसलेले असते आणि एका जिवाणूकडून शेजारच्या जिवाणूकडे जाऊ शकते. जणू वर्गात परीक्षेची उत्तरे लिहिलेली चिठ्ठी फिरावी! रिफाम्पिसिनविरुद्ध मात्र अशी चिठ्ठी लागली नाही. जिवाणूच्या स्वतःच्या एका जनुकात झालेला लहानसा बदल पुरला. ज्याच्याजवळ ही दोन्ही होती, तोच औषधांच्या माऱ्यात टिकला आणि वाढला. जोडीचा हिशेब येथे फसला.

केंटकीतल्या शंभर पैदास केंद्रांची माती संशोधकांनी तपासली. बहुसंख्य ठिकाणी दोन्ही औषधांना दाद न देणारे ऱ्होडोकॉकस सापडले, आणि जेथे निरोगी दिसणाऱ्या शिंगरांनाही औषधे देत, तेथे ते अधिक होते. शिवाय शिंगराला दिलेल्या औषधाचा काही भाग लिदीतून मातीत उतरतो, म्हणजे निवड कुरणातही चालू राहते.

हा केवळ घोडेवाल्यांचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. परंतु एचआयव्हीमुळे किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, अशा माणसांनाही हा जिवाणू गाठतो, आणि तेव्हा डॉक्टरांना याच गटांतली औषधे हवी असतात. लहान गाठींच्या शिंगरांना औषध न देता केवळ लक्ष ठेवावे, असे पशुवैद्य आता सुचवतात. पण त्यातले एखादे शिंगरू खरेच आजारी पडले आणि मातीतला दाद न देणारा जिवाणूच त्याच्या छातीत निघाला, तर पशुवैद्याच्या पिशवीत फारसे काही उरत नाही.