दिल्ली–टोकियो : अंतर एक, वेळा दोन

दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या सर्वांत लहान चापाची लांबी होय. हा चाप ज्या वर्तुळाचा भाग असतो त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि या मापाने दिल्ली ते टोकियो हे अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर भरते. या अंतराला जेट विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागल्यास साडेसहा तास हे उत्तर मिळते, व ते जाण्यायेण्यास सारखेच लागू आहे असे वाटते. प्रत्यक्षात मात्र जाताना सुमारे साडेसात, तर परतताना नऊ ते साडेनऊ तास लागतात.

या तफावतीचे मुख्य कारण जेट प्रवाह, म्हणजे सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा होय. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात टोकियोजवळील तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते, आणि हिवाळ्यात जपानवर त्यांचा जोर सर्वाधिक असतो. वाटेत सरासरी ताशी १०० किलोमीटर वारा धरला, तर जाताना विमानाचा जमिनीसापेक्ष वेग १,००० आणि येताना ८०० होतो, व एवढ्यानेच दीड तासाचा फरक पडतो. शिवाय तिबेटच्या पठारावर विमानातील हवेचा दाब घटल्यास सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली उतरणे शक्य नसते, म्हणून मार्ग सहसा दक्षिणेकडून वळसा घेतो. वेळापत्रकातील वेळेला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. तीत विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा, धावपट्टीकडे जाण्यायेण्यासह सर्व काळ धरलेला असतो.

हे ज्ञान प्रस्तुत लेखकाला नुकसान सोसल्यावर झाले. जानेवारीतील परतीच्या विमानाची टोकियोहून सुटण्याची वेळ सकाळी ११ ही होती; त्यात जाण्याचेच साडेसात तास मिळवून आणि भारताची वेळ जपानच्या साडेतीन तास मागे असल्यामुळे तेवढे वजा करून दुपारी ३ वाजता दिल्लीस पोहोचणे गृहीत धरले गेले, व संध्याकाळी साडेपाचचे पुण्याचे तिकीट आधीच स्वतंत्रपणे काढले गेले. विमान प्रत्यक्षात पाच वाजता उतरले. पारपत्र तपासणी, सामान व सीमाशुल्क आटोपेपर्यंत पुण्याचे विमान निघून गेले होते, आणि तिकीट वेगळे असल्याने त्याचे पैसेही परत मिळाले नाहीत.

म्हणून प्रवाशाने परतीचा ब्लॉक टाइम वेळापत्रकातून स्वतंत्रपणे पाहावा, आणि तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते हे ध्यानात ठेवून दोन्ही वेळा एकाच घड्याळात बदलून पडताळाव्यात. पुढील देशांतर्गत प्रवास शक्यतो त्याच तिकिटात समाविष्ट करावा, कारण तसे केल्यास जोडविमान चुकल्यावर पर्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी सामान्यतः विमान कंपनीवर राहते. स्वतंत्र तिकीट काढणे अटळच असेल, तर दिल्लीत किमान चार तासांचे अंतर ठेवावे, आणि हिवाळ्यात त्याहून अधिक. जाण्यास लागलेल्या वेळेवरून परतीचा हिशेब कधीही करू नये.