माडग्याळ घेऊ की दख्खनी?

प्रश्न : माण तालुक्यात पाच एकर माळरान आहे. खुराकाचा खर्च परवडणार नाही. वीस मेंढ्यांपासून सुरुवात करायची, तर कोणती जात घ्यावी?

उत्तर : बाजारात माडग्याळ नजरेत भरते, भावही चांगला खाते, पण तेवढा देह पोसायला चाराही तसाच लागतो. खुराक देणार नसाल तर दख्खनीच घ्या. अंगाने लहान, लोकर काळी नि भरड. पण रोज मैलोन्‌मैल चालून कुसळी गवतावर आणि बाभळीच्या शेंगांवर ती तग धरते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेची जुळी देणारी 'नारी सुवर्णा' हिच्याच रक्तातली. जुळ्याचा गुण सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा. मात्र दोन कोकरांना दूध पुरायचे तर आईला जादा चारा हवाच, म्हणून ती तूर्त नको.

आणखी एक, पाच एकर माळावर वीस मेंढ्या बारमाही जगणार नाहीत. सुगीनंतर शेजारच्या रानांत त्या बसवा. वाघूर लावून रात्री बसवलेल्या कळपाचे खत शेतकऱ्याला हवेच असते, धनगर ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचाच. जंताचे औषध मात्र सरसकट पाजू नका. खालची पापणी ओढून बघा. लालबुंद असेल तर सोडा, पांढुरकी दिसली तर पाजा. सारखे औषध पाजले की जंतच त्याला सरावतात. वारंवार पांढुरकी पडणारी मेंढी विका, तिची पिल्ले पैदाशीला ठेवू नका. वीस मेंढ्यांना एक मेंढा पुरतो, तो दर दोन वर्षांनी बदला.